खड्डा बुजवा, खत चालू राहू द्या

प्रश्न : आई ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सोलापुरात विजापूर रोडकडच्या एका कॉलनीत जुन्या बंगल्यात एकटी राहते. अंगणात कडुलिंब, आंबा, डाळिंब, जास्वंद आणि बऱ्याच कुंड्या आहेत. वडिलांनी खणलेल्या तीन फूट खोल खड्ड्यात ती वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकून खत करते. दोन्ही गुडघे दुखतात, कंबर धरते. गेल्या महिन्यात फावड्याने खत उलथताना ती खड्ड्याच्या कडेला पडली. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर झोपून होती. भाऊ म्हणतो, हे सगळं बंद कर, पाला घंटागाडीत दे. मी पुण्याहून खत करायचा महागाचा फिरता ड्रम मागवून दिला, तो एकदाच वापरून तिने बाजूला ठेवला. शेजाऱ्यांची वासाबद्दल कुरकुर असते ती वेगळीच. नर्सरीतून खताची पोती आणून दिली तर तिचा हट्ट सुटेल का? तिला न दुखावता कसं समजावू?

ताई,

तुमच्या पत्रात भावाचं म्हणणं आहे, शेजाऱ्यांचं आहे, तुमचं आहे. आईचं एकही वाक्य नाही. जन्मभर वर्ग सांभाळलेली बाई या सगळ्यावर काहीच बोलली नसेल, हे मला पटत नाही. ड्रम तिने का सोडला, हे तिला विचारलंत का? ‘वापरत का नाहीस’ असं नका विचारू. त्यावर कुठलीही आई ‘वापरते गं, असू दे’ म्हणून विषय मिटवते. ‘त्याचं नेमकं काय जमत नाही’ असं विचारा.

माझा अंदाज सांगते. हे ड्रम जाहिरातीत एका हाताने गरगर फिरतात, कारण तेव्हा ते रिकामे असतात. ओलसर, अर्धवट कुजलेला माल लिटरमागे साधारण अर्धा किलो भरतो. दोनशे लिटरचा ड्रम दोन-तृतीयांश भरला की आत साठ-पासष्ट किलो वजन झालं, तेही सगळं तळाशी बसलेलं. ते दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून फिरवायचं. शिवाय असा ड्रम भरला की आतलं खत होईपर्यंत त्यात नवीन काही टाकायचं नसतं, आणि घरात भाजीची देठं तर रोज निघतात. म्हणजे ड्रम आला तरी खड्डा सुटला नाहीच. तुम्ही एक काम कमी करायला गेलात, तिच्या वाट्याला दोन आली.

तुम्ही आणि भावाने प्रश्न असा मांडलाय की आईचं वय झालं, तेव्हा खत बंद. मला तो तसा दिसत नाही. खत करणं म्हणजे बरीच बारीकसारीक कामं असतात: सालं वेगळी ठेवणं, पाला गोळा करणं, ओल बघणं, वास बघणं, कुठल्या झाडाला किती घालायचं ते ठरवणं. यातलं जवळजवळ सगळं चौऱ्याहत्तराव्या वर्षी निवांत होतं. अंगावर येतं ते वाकणं, उचलणं आणि उलथणं. एवढं तिच्या हातातून काढून घेता आलं तर बाकीचं बंद करायचं कारणच उरत नाही.

उलथणं तर मुळात सक्तीचं नाहीच. ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचं वेळापत्रक इंदूर पद्धतीत आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत ती बसवली आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ढीग तीन वेळा उलथायचा आणि तीनेक महिन्यांत खत काढायचं. पण ते शेतावरचं गणित होतं, हाताशी माणसं होती आणि खत वेळेत रानात पडायला हवं होतं. आपल्या महाराष्ट्रातच पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी दुसरी वाट काढली. त्यांच्या नावावरूनच ती नाडेप पद्धत म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं, भिंतीत भोकं ठेवायची, पाला, शेण, माती थरावर थर भरून वरून लिंपून टाकायचं आणि तीन-चार महिने उलथायचं नाही. उलथायचं ते आत हवा जावी म्हणून. ती भोकांतून जात असेल तर फावडं कशाला?

आणि टाकंही नको असेल तरी पाला कुजतोच. सावलीत ओलसर ठेवलेला ढीग सहा-आठ महिन्यांत काळा होतो. आंब्याची चिवट पानं वर्षभर घेतील. एवढं थांबायला आईची हरकत आहे का, हे तिला विचारा. माझ्या मते घाई कुणालाच नाही.

न उलथता केलेल्या खताचा एक तोटा आहे, तो लपवत नाही. छोटा ढीग फारसा तापत नाही, म्हणून तणाचं बी आणि रोगट भाग त्यात मरत नाहीत. बी धरलेलं गाजर गवत त्यात टाकू नका. आणि अंगणातल्या डाळिंबाला तेल्या रोग आला असेल तर ती पानं, ती फळं खतात अजिबात नकोत. सोलापूरकरांना तेल्याबद्दल मी वेगळं काय सांगणार!

आता पडण्याबद्दल. खत राहावं की जावं, याच्याही आधी हे विचारायला हवं की ती पडली कशी. कडेची माती ढासळली? ओल्या पाल्यावरून पाय घसरला? की बराच वेळ वाकून सरळ होताना डोळ्यांपुढे अंधारी आली? रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठताना दाब खाली जाऊ शकतो. तसं झालं असेल तर तो विषय डॉक्टरांचा. खत बंद करून तो सुटणार नाही. ती तशीच उद्या देवघरापुढून उठताना पडेल.

खड्डा मात्र बुजवा. आई खत करो वा न करो, एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईच्या अंगणात तीन फुटांचा उघडा खड्डा नको. आतलं खत उपसत बसू नका. त्यावरच पाला आणि माती भरून दाबून घ्या. पावसाळ्यात तो बसेल, तेव्हा पुन्हा भर घाला आणि तोवर कडेने विटा लावून ठेवा म्हणजे पाय जाणार नाही. नीट बसला की तिथे केळ किंवा पपई लावा, अशा जागी दोन्ही झाडं माजतात. पण एक सांगते. खड्डा वडिलांनी खणलेला आहे, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. आईच्या लेखी ते ओघातलं नसणार. म्हणून ती दवाखान्यात किंवा देवळात गेलेली बघून माळ्याकडून तो बुजवून घेऊ नका. तिच्यासमोर करा, आणि झाड कुठलं लावायचं ते तिला ठरवू द्या.

शेजाऱ्यांच्या कुरकुरीचं मूळही तिथंच आहे. खोल खड्ड्यात तळाला हवा पोचत नाही, ओली सालं एकावर एक बसतात, कुजण्याऐवजी सडतात आणि घाण वास सुटतो. जमिनीच्या वर, हवेशीर जागी आणि प्रत्येक वेळी वर कोरडं टाकून तेच केलं तर वास येत नाही.

नवीन मांडणी कशी असावी? माझं म्हणणं, निम्म्याहून जास्त पाला खताच्या जागेपर्यंत न्यायचाच नाही. झाडाखाली पडला तो त्याच झाडाच्या आळ्यात ओढायचा. तीन-चार इंचांचं आच्छादन झालं की खालची माती ओली राहते, तण कमी येतं आणि पाला जागच्या जागी कुजतो. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडायची आणि घराच्या भिंतीला पाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर वाळवी आलीच म्हणून समजा. उरलेला पाला उचलायचा नाही. खराट्याला छातीएवढा बांबूचा दांडा बांधून घ्या, पाला एखाद्या जुन्या सोलापुरी चादरीवर लोटा आणि चादरीचं टोक धरून ओढत न्या. वाकणं नाही, पाटी नाही. चादर फाटलेली असेल तर ही तिची शेवटची चाकरी.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याला कंबरेइतकी उंची द्या. भाजीवाल्यांकडचे जाळीदार प्लॅस्टिकचे क्रेट असतात ना, तसे तीन आणा. फुटाएवढ्या उंचीचे ते क्रेट दोन फुटांच्या लोखंडी स्टँडवर शेजारी शेजारी ठेवले की त्यांची कड बरोबर हाताखाली येते. स्टँड जड आणि न डुगडुगणारं हवं, कारण आई कधी ना कधी त्याला टेकणारच. आतून गोणपाट लावा, तळाशी काटक्या किंवा भुईमुगाची टरफलं आणि विरजण म्हणून खड्ड्यातलं जुनं खत दोन मुठी. मग रोज वाटीभर ओला कचरा पडला की त्यावर दोन-तीन वाट्या कोरडं. कोरडं म्हणजे चुरलेला पाला, कडब्याची कुट्टी, लाकडाचा भुसा, टरफलं. शेंगाच्या चटणीच्या गावात टरफलं कमी पडू नयेत! पहिला क्रेट भरला की दुसरा धरा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातला माल निम्म्यावर बसलेला असतो. भरलेला क्रेट कधीच उचलायचा नाही, खत जागेवरूनच मगाने काढायचं. वर बारीक जाळी बांधली की उंदीर-घुशींचा त्रास कमी होतो. तेलकट उरलंसुरलं आणि मटणाची हाडं यात नकोत. भाकरीबद्दल काही सांगत नाही. कडक भाकरी टाकून देणारं घर सोलापुरात मला अजून दिसायचंय.

पाला चुरायचा कसा, असं आई विचारेल. फाल्गुन-चैत्रात कडुलिंब अंगण भरून टाकतो, तेव्हा पानं अशी कुरकुरीत असतात की गोणीत भरून खुर्चीवर बसल्या बसल्या पायांनी दाबली तरी चुरा होतो. गुडघ्यांना थोडा व्यायाम होतो तो वेगळाच. आणि तुमचा तो महागडा ड्रम इथे कामाला येईल: फिरू नये म्हणून खालून ठोकळे लावून पक्का करा आणि त्यात हा कोरडा चुरा साठवा. झाकण आहे, उंची बरोबर आहे, पावसात भिजत नाही. दिलेली भेट वापरात आली की तुमच्या दोघींमधला तो न बोललेला विषयही संपेल.

झाडं जास्त आणि पाला आवरत नाही अशी ज्यांची अवस्था आहे, त्यांनी नाडेपचं छोटं रूप बांधून घ्यावं. चार फूट बाय तीन फूट, उंची तीन फूट, विटांमध्ये फटी ठेवलेल्या, समोरच्या बाजूला भिंतीऐवजी खाचेत सरकणाऱ्या फळ्या. खत काढताना फळ्या काढायच्या की झालं. गवंड्याकडून चुना-सिमेंटमध्ये बांधून घ्या. नुसत्या रचलेल्या विटांवर तोल जाताना हात पडला तर विटांसकट माणूस खाली येईल.

सोलापूरची अडचण ओल जास्त होण्याची नाही, कोरडेपणाची आहे. मोबाइलवर येणारे बहुतेक सल्ले भरपूर पावसाच्या गावांचे असतात. ते वाचून माणसं खत ओलं होऊ नये म्हणून धडपडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर राहतो, ढीग आतपर्यंत वाळतो आणि कुजणं थांबतं. खत बिघडलं असं वाटून लोक सोडून देतात, खरं तर त्याला तहान लागलेली असते. मूठभर माल घट्ट दाबून बघायचा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. हात कोरडाच राहिला तर पाणी हवं, धार लागली तर कोरडं घाला. नळाला रोज पाणी येत नाही तिथे पिण्याचं पाणी खताला कोण घालणार? तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी त्यासाठी बाजूला ठेवायचं. मात्र बादली नको. दोन लिटरचा मग पुरे, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. क्रेट कडुलिंबाच्या सावलीत ठेवा आणि वरून ओलं गोणपाट टाका. इतकं करूनही भर उन्हाळ्यात खत थांबलं तर थांबू द्या. मृगाने दगा दिला तरी परतीच्या पावसात ते पुन्हा चालू होतं.

खत चाळणं बंद करा. हे आईला कदाचित पटणार नाही, कारण चाळलेलं भुरभुरीत खत बघण्यात एक समाधान असतं. पण उभ्याने चाळण हलवत राहणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंबरतोड काम आहे आणि आंब्या-जास्वंदीला त्याची काही गरज नाही. काड्या राहिल्या तर त्या मातीत कुजतील. रोपं करायला लागणारं दोन मुठी बारीक खत बसून हातानेच निवडता येतं.

काळजीच्या काही गोष्टी. पाल्याच्या ढिगात विंचू असतात, कधी सापही. हात घालायच्या आधी काठीने हलवायचं, पायात बंद बूट, हातात जाड मोजे. अंधारात तिकडे जायचंच नाही. वाळलेलं खत ढवळलं की बुरशीचा धुरळा उडतो. दमा असेल त्यांनी तोंडाला मास्क बांधावा आणि आधी पाण्याचा हबका मारावा. स्टँडखाली पाणी झेलायला ताट ठेवलं तर ते दर दोन-तीन दिवसांनी झाडाला ओता, नाहीतर डासांची सोय होते. आणि तिला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर विचारून घ्या.

भावाचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. गुडघे सुजलेले असतील किंवा ती तुमच्याकडे पुण्याला आली असेल, त्या आठवड्यात पाला घंटागाडीला द्यावा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो वेगळा द्यायचा, बाकीच्या कचऱ्यात कालवून नाही. मात्र गोणी फाटकापर्यंत ओढून नेणं, गाडीची वेळ धरून उभं राहणं हेही काम आहेच, आणि ते आईलाच करावं लागणार. अंगणात किंवा रस्त्यावर पाला पेटवणं हा पर्याय धरूच नका. धूर आईच्या आणि त्याच शेजाऱ्यांच्या नाकात जाणार.

नर्सरीतल्या पोत्यांनी काय होईल? पोतं पंचवीस किलोचं असो वा चाळीसचं, रिक्षातून उतरवून फाटकापासून कुंड्यांपर्यंत नेणार कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय पोतं आलं म्हणून कडुलिंब पानं टाकायचा थांबणार आहे का? विकतचं खत लागलं तर जरूर आणा, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

त्यापेक्षा दोन-अडीच महिन्यांतून एकदा माळी लावा. क्रेट रिकामे करणं, खत आळ्यांत पसरणं, उंच फांद्या छाटणं ही अर्ध्या दिवसाची कामं त्याची. मजुरी भावाने द्यावी. बंद कर म्हणणाऱ्याचा तेवढा हातभार लागलाच पाहिजे. माळ्याला काय, कुठे, किती हे सांगायचं काम आईचं. तुम्ही फोनवरून त्याला परस्पर सूचना देऊ लागलात तर महिन्याभरात ती अंगणात पाहुणी होईल.

हे वाचणाऱ्या आजी-आजोबांनाही सांगायचंय. मुलं काही आणून देतात आणि आपल्याला जमत नाही, तेव्हा ते कोपऱ्यात ठेवून गप्प बसू नका. ‘दांडा लांब हवा’, ‘झाकण उघडत नाही’, ‘मला खुर्ची ठेवायला जागा करून द्या’ असं स्पष्ट बोला. गावापासून दूर बसलेल्या मुलांना तुमचा गुडघा दिसत नाही, त्यांना फक्त तुम्ही पडलात एवढंच कळतं. काम सकाळी उन्हं चढायच्या आत, मोबाइल खिशात किंवा गळ्यात अडकवून आणि घरात दुसरं कोणी नसेल तर शेजारी हाक ऐकू जाईल अशा बाजूला.

पुढच्या वेळी तुम्ही सोलापूरला जाल तेव्हा पहिल्या दिवशी काही विकत आणू नका. सकाळी तिच्याबरोबर अंगणात जा आणि ती रोज करते तसं तिला करू द्या. कुठे ती थांबते, कुठे कंबरेवर हात जातो, कुठे भिंत धरते, तेवढं लक्षात ठेवा. माझ्या वरच्या याद्यांपैकी निम्म्या गोष्टी कदाचित तिला नकोच असतील आणि जी हवी ती मला सुचलेली नसेल.

आणि असंही होऊ शकतं की ती म्हणेल, बास, मलाही आता कंटाळा आलाय, तुमच्या बाबांनी सुरू केलं म्हणून इतकी वर्षं ओढलं. तसं म्हणाली तर तिला खताचे फायदे सांगत बसू नका. क्रेट आणू नका. पाला झाडांच्या आळ्यांत लोटायला आठवड्यातून एकदा कोणीतरी लावून द्या, ओला कचरा घंटागाडीत जाऊ द्या. खड्डा तेवढा पावसाळ्याच्या आधी बुजवून घ्या.